जुन्या फोर बाय फोर गाडीला मोठे टायर निवडताना

माझ्या जुन्या फोर बाय फोर बोलेरोला मी पहिल्यांदा ३१ इंची टायर बसवले, तेव्हा दुकानापासून घरापर्यंतचा रस्ता झकास गेला. पुढच्या रविवारी गगनबावड्याहून भुईबावडा घाट उतरताना एका आखूड वळणावर स्टिअरिंग पूर्ण वळवले आणि पुढच्या डाव्या चाकाने मडगार्डच्या आतले प्लॅस्टिक उचकटून काढले. दुकानदाराने "आरामात बसतात" असे सांगितले होते. ते खोटेही नव्हते, कारण दुकानाच्या सपाट फरशीवर, सरळ चाकांनी आणि रिकाम्या गाडीत ते खरोखरच आरामात बसले होते. पुढे दोन वर्षांत पुढची व्हील बेअरिंग दोनदा बदलावी लागली, टायरॉड एंड (स्टिअरिंग चाकाला जोडणारे सांधे) गेले, आणि शेवटी मी २३५/७५ आर १५ या जरा लहान मापावर आलो. जुन्या गाडीला किती मोठा टायर घालावा हे त्या गाडीतला सर्वांत थकलेला भाग ठरवतो, मडगार्डमधली जागा हा त्यानंतरचा प्रश्न आहे, असे माझे आता ठाम मत झाले आहे. पुढचे सगळे त्याच मताला धरून आहे.

आधी जमीन पाहावी

गाडी वर्षभरात कोणत्या जमिनीवर किती धावते, याची नोंद सर्वांत आधी करावी. महिनाभर एका वहीत डांबरावर किती किलोमीटर, मुरमावर किती आणि चिखलात किती एवढे लिहिले तरी पुरते. माझ्या वहीत शंभरातले जवळजवळ नव्वद किलोमीटर डांबराचे निघाले होते आणि ते पाहून मला थोडे ओशाळल्यासारखे झाले होते, कारण मी टायर मात्र उरलेल्या दहा किलोमीटरांसाठी घेतले होते.

कोल्हापूर जिल्ह्याची जमीन पूर्व-पश्चिम बदलत जाते आणि टायरच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. पूर्वेला शिरोळ, हातकणंगले या बाजूला नदीकाठची खोल काळी माती आहे. ती ओली झाली की चाकाला लपेटते, नक्षीतल्या खाचा भरून टाकते आणि मग कितीही महागडा टायर असला तरी तो मातीचाच गोळा होऊन जागच्या जागी फिरत राहतो. उसाच्या हंगामात भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या ज्या पाणंदीतून जातात, तिथे खोल चाकोऱ्या पडतात. पाटाचे पाणी किंवा अवकाळी पाऊस त्यात साचला की जीपचे डिफरन्शियल (दोन चाकांच्या मधला गिअरचा फुगीर डबा) चाकोरीमधल्या उंचवट्यावर टेकते आणि चारही चाके असहाय होतात. अशा ठिकाणी टायरची उंची कामाला येते, कारण दोन्ही चाके एकाच दांडीने जोडणाऱ्या ताठ अ‍ॅक्सलच्या गाडीत डिफरन्शियलखालची जागा वाढवण्याचा मोठा टायर हाच खरा मार्ग आहे. पाट्यांची (स्प्रिंगच्या पट्ट्यांची) उंची वाढवली तर बॉडी वर जाते, डिफरन्शियल होते तिथेच राहते.

पश्चिमेला शाहूवाडी, राधानगरी, गगनबावडा, भुदरगड, आजरा, चंदगड या पट्ट्यात तांबडी माती, मुरूम आणि जांभा आहे. इथे पाऊस प्रचंड असला तरी चिखलाचा थर अनेकदा वीतभरच असतो आणि त्याखाली टणक मुरूम लागतो. अशा जमिनीवर अरुंद आणि उंच टायर चिखल कापून खाली टणक थरापर्यंत पोहोचतो आणि पकड घेतो, तर रुंद टायर वरच्या रबडीवर तरंगत राहतो. जुन्या एमएम ५४० जीपला असलेला ६.००-१६ हा सडपातळ टायर आपल्या आजोबांच्या पिढीला डोंगरात पुरून उरत होता, त्याचे हे एक कारण आहे. खोल वाळूत किंवा तळ न लागणाऱ्या चिखलात रुंद टायरचा उपयोग होतो, पण आपल्याकडे अशी जागा मुद्दाम शोधत जावे लागते.

पावसाळ्यात शेवाळलेला जांभा ही आपली खास अडचण आहे. त्यावर मोठमोठ्या गोट्यांचा (नक्षीतल्या रबरी ठोकळ्यांचा) टायर उपयोगी पडेल असे वाटते, प्रत्यक्षात तिथे मऊ रबर आणि गोट्यांवरच्या बारीक चिरा जास्त काम करतात. याबद्दल पुढे नक्षीच्या भागात लिहिले आहे.

टायरवरचे आकडे

२१५/७५ आर १५ हे बोलेरोचे मूळ माप उदाहरण म्हणून घेऊ. २१५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये आहे, ७५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७५ टक्के आहे, आर म्हणजे रेडियल बांधणी आणि १५ हा रिमचा व्यास इंचात आहे. टायरची पूर्ण उंची काढण्यासाठी भिंतीची उंची दुप्पट करून त्यात रिमचा व्यास मिळवावा. २१५ चे ७५ टक्के म्हणजे १६१.२५, त्याची दुप्पट ३२२.५, आणि १५ इंचाचे ३८१ मिलिमीटर मिळवले की ७०३.५ मिलिमीटर येतात. याच रीतीने २३५/७५ आर १५ ची उंची ७३३.५ मिलिमीटर आणि २०१० नंतरच्या थार सीआरडीईच्या २३५/७० आर १६ ची उंची सुमारे ७३५ मिलिमीटर येते. ३१ x १०.५ आर १५ अशा इंची मापात मात्र पहिला आकडा थेट उंचीचा असतो, म्हणजे ३१ इंच किंवा ७८७ मिलिमीटर, आणि दुसरा रुंदीचा. वेगवेगळ्या कंपन्यांच्या एकाच मापाच्या टायरमध्ये काही मिलिमीटरचा फरक पडतो. त्यामुळे जागा अगदी काठावर असेल तर कंपनीच्या तक्त्यातली प्रत्यक्ष उंची पाहावी.

मापानंतर येणारा १०५ एस असा मजकूर बहुतेक जण वाचतच नाहीत. त्यातला आकडा भारक्षमतेचा आहे. १०० म्हणजे एका टायरवर ८०० किलो, १०५ म्हणजे ९२५ किलो, १०९ म्हणजे १०३० किलो. अक्षर वेगमर्यादेचे आहे. क्यू म्हणजे ताशी १६० किलोमीटर, एस म्हणजे १८०. जुन्या डिझेल गाडीला क्यूसुद्धा भरपूर होतो, पण भाराचा आकडा मूळ टायरपेक्षा कमी असता कामा नये, विशेषतः ज्यांच्या गाडीत मागे दुधाचे कॅन किंवा खताची पोती असतात त्यांनी तर ही अट मुळीच सोडू नये. मापाच्या आधी किंवा नंतर एलटी अशी अक्षरे असतील तर तो हलक्या मालवाहू गाड्यांच्या बांधणीचा, जाड भिंतीचा टायर आहे. दगडांच्या धारेला तो चांगला टिकतो, मात्र तेवढेच वजन उचलायला त्यात साध्या टायरपेक्षा हवा जास्त लागते आणि रिकाम्या गाडीत तो कडक वाटतो.

गिअर, ब्रेक आणि मीटर यांचा हिशेब

नव्या उंचीला जुन्या उंचीने भागले की जे प्रमाण येते, त्यावरून पुढचे सगळे कळते. २१५/७५ वरून २३५/७५ वर गेल्यास हे प्रमाण १.०४३ आहे आणि ३१ इंचांवर गेल्यास १.११९. म्हणजे मीटरवर ६० दिसत असताना पहिल्या टायरवर गाडी खरी ६२.६ ने चाललेली असते, तर दुसऱ्यावर ६७ ने. किलोमीटरची नोंदही त्याच प्रमाणात कमी होते. मोठे टायर लावल्यावर "अ‍ॅव्हरेज एकदम पडले" अशी तक्रार करणाऱ्यांनी आधी ही दुरुस्ती करून पाहावी. काही घट खरीच असते, काही मीटरची असते.

मीटरपेक्षा गंभीर गोष्ट गिअरची आहे. चाक मोठे झाले की जमिनीपर्यंत पोहोचणारा जोर त्याच प्रमाणात कमी होतो. अ‍ॅक्सलचा रेशो (चाकाच्या एका फेरीमागे इंजिनाकडून येणाऱ्या शाफ्टच्या फेऱ्या) समजा ४.८८ असेल, तर ३१ इंचांमुळे तो सुमारे ४.३६ असल्यासारखा वागतो. नव्या, ताकदवान इंजिनाला हे सोसते. पण ज्याचे पंप आणि नोझल वीस वर्षांचे आहेत, अशा डिझेल इंजिनाला करूळ घाट चढताना जिथे दुसरा गिअर पुरत होता तिथे पहिला टाकावा लागतो आणि सपाटीवर वरचा गिअर नुसता नावाला उरतो. क्लच अर्धवट दाबून गाडी ओढण्याची सवय मग आपोआप लागते. क्लचप्लेटचा खर्च टायरच्या हिशेबात कोणी धरत नाही, तो धरावा.

उतारावरचा परिणाम याहून महत्त्वाचा आहे आणि त्याची चर्चा फार कमी होते. इंजिनाने गाडी धरून ठेवण्याची ताकदही ३१ इंचांवर सुमारे साडेदहा टक्क्यांनी घटते. ब्रेकला आता लांब तरफेशी झुंजावे लागते आणि जास्त वजनाचे चाक थांबवावे लागते. ३१ इंची ऑल टेरेन (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचा) टायर एकटाच साधारण २० किलोचा असतो, मूळ टायरपेक्षा तो बराच जड असतो आणि हे जादा वजन चाकाच्या परिघावर म्हणजे सर्वांत अडचणीच्या जागी बसते. ज्या जुन्या जीपला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, तिने पावसात फोंडा घाट उतरताना ओले ड्रम, कमी झालेला इंजिन ब्रेक आणि जड चाके या तिन्ही गोष्टी एकाच वेळी सांभाळायच्या असतात. अशा गाडीला मूळ उंचीपेक्षा ४ ते ५ टक्क्यांहून मोठा टायर घालू नये, असे मी सांगेन. त्यापुढे जायचेच असेल तर अ‍ॅक्सलचा क्राउन-पिनियन (डिफरन्शियलमधली गिअरची जोडी) बदलून रेशोचा आकडा वाढवावा आणि ब्रेकही सुधारावेत. तो खर्च टायरच्या खर्चापेक्षा मोठा असतो.

या सगळ्याच्या बदल्यात किती जागा वाढते, तेही पाहावे. डिफरन्शियलखालची जागा उंचीतल्या फरकाच्या निम्मीच वाढते. ३१ इंचांमुळे सुमारे ४२ मिलिमीटर मिळतात आणि २३५/७५ मुळे १५ मिलिमीटर.

जागेचे मोजमाप

मोजमाप गाडी भरलेली असताना, रोजच्या सामानासह आणि चार माणसे बसवून करावे. आधी चाक सरळ ठेवून हबच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंत, आतल्या पत्र्यापर्यंत आणि मागे मडफ्लॅपपर्यंतचे अंतर घ्यावे. नंतर स्टिअरिंग पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून टायरची आतली कड आणि पाटा किंवा कंट्रोल आर्म यांमधले अंतर घ्यावे. रुंद टायर बाहेरच्या पत्र्यापेक्षा इथे आधी घासतो. तिसरे मोजमाप सर्वांत महत्त्वाचे आहे. शेताच्या बांधावर एक पुढचे चाक हळू चढवून ते मडगार्डमध्ये जास्तीत जास्त वर जाईल अशा स्थितीत गाडी उभी करावी, हँडब्रेक ओढावा, खाली असलेल्या चाकांना दगड लावावेत आणि त्या स्थितीत स्टिअरिंग दोन्ही बाजूंना फिरवून पुन्हा मोजावे. नव्या टायरची वाढीव त्रिज्या आणि वाढीव रुंदीचा निम्मा भाग यांतून वजा करून जे उरते, ते किमान २५ मिलिमीटर असावे. काळ्या मातीत फिरणाऱ्यांनी त्याच्या दुप्पट धरावे, कारण ती माती टायर आणि पत्रा यांच्यामध्ये दाबून बसते, वाळते आणि चाक अक्षरशः बांधून टाकते.

ओळखीत कोणाकडे त्याच मापाचे चाक असेल आणि नटांची मांडणी जुळत असेल, तर एकच चाक उसने आणून पुढे बसवून पाहावे. गाडी चालवायची नाही, फक्त जागेवर वळवून पाहायची. अर्ध्या तासाच्या या खटाटोपाने माझे प्लॅस्टिक आणि बरेच पैसे वाचले असते.

घासत असेल तर दुकानात हमखास एक उपाय सुचवला जातो, तो म्हणजे स्टिअरिंगचा स्टॉपर बोल्ट बाहेर काढून चाक कमी वळेल असे करणे. घासणे त्याने थांबते, पण गाडीला वळायला जास्त जागा लागू लागते, आणि भुईबावड्याच्या वळणांवर समोरून एसटी आली की त्याची किंमत कळते. दुसरा उपाय म्हणजे टॉर्शन बार (पिळाने स्प्रिंगचे काम करणारी दांडी) पिळून पुढची उंची वाढवणे, जे जुन्या थार सीआरडीई आणि सफारीत करता येते. त्याने पुढच्या अ‍ॅक्सल शाफ्टच्या सांध्यांचा कोन बिघडतो, रबरी बूट फाटतात आणि गाडी दगडासारखी आदळू लागते. टायर बसवण्यापुरती म्हणून गाडी उंच करण्याच्या मी विरोधात आहे.

थकलेल्या भागांची तपासणी

खरेदीपूर्वी गाडी एखाद्या जाणत्या मेकॅनिककडे नेऊन पुढचा भाग जॅकवर उचलून पाहावा. चाक वर-खाली धरून हलवल्यास ढिलेपणा जाणवला तर व्हील बेअरिंग, किंगपिन (ज्यावर पुढचे चाक वळते तो खिळा) किंवा बॉल जॉइंट गेलेले असतात. डावे-उजवे हलवल्यास ढिलेपणा आला तर टायरॉड एंड किंवा स्टिअरिंग बॉक्सकडे बोट जाते. हे आधी दुरुस्त करावे आणि त्यानंतरच मोठा टायर चढवावा. ताठ अ‍ॅक्सलच्या जीपमध्ये ढिल्या किंगपिनवर जड टायर चढवला की ठरावीक वेगाला पुढची चाके जोरजोरात थरथरू लागतात, स्टिअरिंग हातात राहत नाही आणि गाडी जवळजवळ थांबवल्याशिवाय ते शमत नाही. हा अनुभव महामार्गावर घेण्यासारखा नाही.

मागच्या पाट्यांचे यू बोल्ट, पाट्यांचे बुश, ब्रेकचे रबरी पाइप आणि मास्टर सिलिंडर हेही याच फेरीत पाहून घ्यावेत. स्टेपनी मागच्या दारावर टांगलेली असेल तर दाराच्या बिजागऱ्या पाहाव्यात. काही किलोंनी जड झालेले चाक खडबडीत रस्त्यावर वर्षभर आदळले की जुन्या बिजागरीचा पत्रा तडकतो आणि दार खाली बसते. मला अशी शंका आहे की मोठी स्टेपनी बसेल की नाही हा प्रश्न बहुतेकांना पाचवा टायर घरी आणल्यावरच पडतो.

नक्षी

बाजारात ढोबळमानाने तीन प्रकार मिळतात. हायवे टेरेन डांबरासाठी असतो आणि त्याबद्दल इथे लिहिण्यासारखे काही नाही. मड टेरेनमध्ये मोठ्या गोट्या आणि त्यांच्यामध्ये रुंद खाचा असतात, चाक फिरले की खाचांतला चिखल फेकला जातो आणि नक्षी पुन्हा मोकळी होते. शिरोळच्या काळ्या मातीत याला तोड नाही. पण ओल्या डांबरावर या टायरचा जमिनीला टेकणारा भाग कमी असतो आणि गोट्या जाड, बिनचिरेच्या असल्याने थांबायला अंतर जास्त लागते. शिवाय आवाज होतो, झीज लवकर होते आणि शेवाळलेल्या जांभ्यावर तो अनपेक्षितपणे घसरतो.

ऑल टेरेन या दोघांच्या मधला आहे. गोट्या त्यालाही असतात, पण त्या जवळजवळ असतात आणि त्यांवर बारीक चिरा असतात. ओल्या रस्त्यावर पाण्याचा पातळ थर तोडण्याचे काम या चिरा करतात. जून ते सप्टेंबर घाटात सतत ओला असणारा रस्ता, अधूनमधून मुरूम आणि वर्षातून पाच-दहा वेळा चिखल असा ज्यांचा वापर आहे, त्यांनी डोळे मिटून ऑल टेरेन घ्यावा. मड टेरेन त्यांनीच घ्यावा ज्यांच्या घरापर्यंतचा शेवटचा मैल पावसाळ्यात रोज चिखलाचा आहे. दिसायला मड टेरेन रुबाबदार असतो हे मी मान्य करतो, माझे पहिले टायर त्याच मोहातून आले होते.

मोठा टायर लावला म्हणून पुराच्या पाण्यात गाडी घालू नये, हे कोल्हापुरात वेगळे लिहावे लागते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. पाणी चढू लागले की गगनबावडा रस्त्यासह अनेक रस्ते बंद होतात आणि "आपली फोर बाय फोर आहे" म्हणून कोणीतरी पुढे जातोच. टायरमुळे मिळालेल्या चार सेंटिमीटर उंचीने वाहत्या पाण्यात काहीही फरक पडत नाही. उलट मोठ्या टायरमधली जास्त हवा गाडीला वर उचलायला मदतच करते.

रिम

प्रत्येक टायरसाठी रिमच्या रुंदीची मर्यादा ठरलेली असते. २३५/७५ आर १५ साठी ती साधारण ६ ते ८ इंच आहे आणि ३१ x १०.५ आर १५ साठी ७ ते ९ इंच. रिमची रुंदी रिमवरच कोरलेली असते. अरुंद रिमवर रुंद टायर बसवला की त्याची पाठ फुगते, मधलीच नक्षी झिजते आणि हवा कमी केल्यावर टायर रिमवरून सुटण्याची भीती वाढते. जुन्या जीपच्या १६ इंची रिमला टायरची कड धरून ठेवणारी उंचवट्याची रेघ अनेकदा नसते. अशा रिमवर ट्यूबलेस बसवू नये, ट्यूब घालावीच.

रिम बाहेर काढण्यासाठी स्पेसर घालण्याचा मोह टाळावा. उद्यमनगरात लेथवर काय वाटेल ते कोरून मिळते याचा कोल्हापूरकरांना रास्त अभिमान आहे, पण कोणत्या धातूचा आहे हे माहीत नसलेला स्पेसर चाक आणि हब यांच्यामध्ये घालणे ही त्या कौशल्याची जागा नव्हे. चाक जितके बाहेर जाईल तितका बेअरिंगवरचा भार वाढतो आणि खड्ड्यात स्टिअरिंगला बसणारा झटकाही वाढतो.

खरेदी

टायरच्या भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. मोठ्या मापांचे टायर दुकानात पडून राहतात, म्हणून ही तारीख पाचही टायरवर स्वतः वाचावी. एका दुकानात मला चार टायर ताजे आणि पाचवा साडेतीन वर्षांचा मिळाला होता, कारण पाचवा मी उलटून पाहिला नव्हता. भारतात विकल्या जाणाऱ्या नव्या टायरवर आयएसआय खूण असणे बंधनकारक आहे. प्रवासी गाड्यांच्या टायरसाठी आयएस १५६३३ आणि व्यावसायिक वाहनांच्या टायरसाठी आयएस १५६३६ हे मानक आहे. खूण नसलेला परदेशी टायर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. रिमोल्ड (जुन्या टायरवर नवे रबर चढवलेले) टायर डोंगरात वापरणे तर सोडूनच द्यावे.

जून २०२० पासून केंद्र सरकारने नव्या टायरची आयात निर्बंधित यादीत घातली आहे. त्यामुळे इंची मापाचे आयात टायर मिळणे अवघड होऊ शकते, आणि फोर बाय फोर गाडीला ही अडचण साध्या गाडीपेक्षा जास्त जाचते. पुढचे आणि मागचे अ‍ॅक्सल थेट जोडणाऱ्या ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे आपल्या बहुतेक जुन्या जीपमध्ये, चारही चाकांचा परीघ सारखा असावाच लागतो. दोन नवे आणि दोन अर्धे झिजलेले टायर लावून फोर व्हील टाकली की दोन्ही अ‍ॅक्सल एकमेकांशी झगडतात, शाफ्टमध्ये पीळ साठतो आणि ट्रान्सफर केस किंवा सांधे मोडतात. तेव्हा दोन वर्षांनी एक टायर दगडाने फाटला तर त्याच मापाचा आणि नक्षीचा दुसरा कोल्हापुरात किंवा फार तर पुण्यात मिळेल का, हे आज विचारावे. मिळणार नसेल तर ते माप सोडावे. पाच टायर एकदम घ्यावेत, एकाच कंपनीचे आणि एकाच नक्षीचे. रेडियल आणि जुन्या बांधणीचे नायलॉन टायर एकाच गाडीत मिसळू नयेत.

कागदपत्रे

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या तपशिलात बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही बाब स्पष्ट केली आहे. गाडी १५ वर्षांची झाल्यावर नोंदणीचे नूतनीकरण करताना तपासणी होते, तेव्हा मडगार्डबाहेर डोकावणारे टायर नजरेत भरतात. कंपनीने त्याच मॉडेलच्या एखाद्या आवृत्तीला दिलेल्या मापात राहणे सर्वांत सोयीचे. त्याबाहेर जायचे असेल तर परिवहन कार्यालयात आधी विचारावे आणि विमा कंपनीला लेखी कळवावे.

बसवल्यानंतर

अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग लगेच करावे. मोठ्या टायरला वजने जास्त लागतात, म्हणून ते घाईत उरकू देऊ नये. पहिल्या १०० किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा कसावेत. दर ८ ते १० हजार किलोमीटरला स्टेपनीसह पाचही टायरची जागा बदलावी, म्हणजे परीघ सारखे राहतात. नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की टायर कायद्यानेही बाद ठरतो, पण चिखलात त्याचा उपयोग त्याच्या कितीतरी आधी संपलेला असतो.

नव्या मापाला हवा किती ठेवावी हे जुन्या स्टिकरवरून कळत नाही. नक्षीवर आडवी खडूची जाड रेघ मारावी, सपाट डांबरावर सरळ दोनशे मीटर जावे आणि रेघ पाहावी. मध्येच पुसली असेल तर हवा जास्त आहे, कडांनाच पुसली असेल तर कमी. सगळीकडे सारखी पुसली जाईल तो आकडा पुढच्या आणि मागच्या टायरसाठी वेगवेगळा लिहून ठेवावा. भरलेल्या गाडीसाठी ही परीक्षा पुन्हा करावी.

चिखलात शिरण्यापूर्वी हवा १८ ते २० पीएसआयपर्यंत उतरवली की टायरचा जमिनीला टेकणारा भाग लांब होतो आणि पकड इतकी वाढते की अनेकदा मोठ्या टायरची गरजच उरत नाही. साध्या रिमवर १५ पीएसआयच्या खाली जाऊ नये, टायर रिमवरून सुटतो. उतरवलेल्या हवेवर वेग ताशी ३० किलोमीटरच्या आत ठेवावा आणि डांबराला लागताच हवा पुन्हा भरावी, त्यासाठी बॅटरीवर चालणारा छोटा कंप्रेसर गाडीत असावा. दाजीपूर-राधानगरीच्या अभयारण्यात किंवा मसाई पठारासारख्या जांभ्याच्या सड्यांवर मात्र हवा कमी करूनही गाडी घालू नये. तिथल्या बोटभर मातीवर पावसाळ्यात जे उगवते ते एका चाकोरीने वर्षानुवर्षे नाहीसे होते.

नव्या टायरवर एक पूर्ण पावसाळा काढेपर्यंत जुने टायर विकू नयेत. ऑक्टोबरमध्ये पुढची बेअरिंग पुन्हा जॅकवर उचलून पाहावी. ढिलेपणा आला असेल तर माप एक पायरी खाली आणावे, आणि तेव्हा ते जुने टायर कामाला येतील.